झुळूक कुणी पुसली?

"तुझा मेघवीर रडका आहे!"

"आणि तुझा बावळट! उठसूट दात काढतो!"

"दात नाही काढत, हसतो! फरक असतो, गुंड्या!"

"हो का, वकीलसाहेब?"

गुंड्याची ताई तेरा वर्षांची होती आणि वाद घालायला लागली की समोरच्याला पुरून उरायची, म्हणून शाळेपासून घरापर्यंत सगळे तिला 'वकील'च म्हणायचे. गुंड्या तिच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघं सुट्टीत मावशीकडे आली होती. खरं सांगायचं तर पाठवली गेली होती. थंडीच्या सुरुवातीला बाबा गेले आणि तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं बोललंच नव्हतं. आईनं बाबांचे कपडे, चष्मा, पुस्तकं एका ट्रंकेत भरली आणि ट्रंक माळ्यावर टाकली. "मुलांना जरा बदल हवाय," असं तिनं मावशीला फोनवर सांगितलं.

बदल झाला तो एवढाच, की इथे ऊनही नव्हतं. धुकं आणि धूर एकमेकांत असे मिसळले होते की भरदुपारी दिवे लावावे लागत. समोरच्या इमारतीच्या नुसत्या खिडक्या दिसत, भिंती नाहीत.

ट्रंक बंद व्हायच्या आधी वकिलीणबाईंनी त्यातून एक चित्रकथा हळूच काढून घेतली होती. बाबांच्या लहानपणचा मेघवीरचा अंक! करडा झगा घालून ढगांवरून चालणारा मेघवीर कोणाला ठाऊक नाही? त्या जुन्या अंकात त्याचा चेहरा गोल होता, पोट जरासं सुटलेलं होतं, आणि पुरात अडकलेल्या म्हशीला खांद्यावर घेतानाही तो हसत होता. पुढे वर्षं गेली तशी त्याची छाती रुंदावली, हनुवटी चौकोनी झाली आणि हसू कमी कमी होत गेलं. हल्लीच्या अंकांत तर त्याचे डोळे म्हणजे दोन पांढऱ्या फटी! तो पूर्ण वाक्यही बोलत नसे. गुंड्याला हाच आवडायचा.

"ज्याचं माणूस गेलंय तो कशाला हसेल?" असं तो एकदा म्हणाला होता. 

"अरे, भांडण आवरा आणि इकडे बघा!" मावशीची मुलगी टाचणी ओरडली. ती गुंड्याच्याच वयाची, अंगानं काडी आणि नजरेनं सुई. ती जमिनीवर पालथी पडली होती. तिच्या एका हाताशी बाबांचा अंक होता, दुसऱ्या हाताशी छपाईचे बाद कागद. मावशी मेघवीर छापणाऱ्या प्रकाशनगृहात चित्रांत रंग भरायचं काम करायची आणि असे कागद कपाटात अंथरायला घरी आणायची. हे कागद एका नव्या जाडजूड पुस्तकाचे होते. मेघवीरच्या अगदी पहिल्या गोष्टी त्यात पुन्हा छापल्या जाणार होत्या.

"याच्या झग्याचं हे टोक असं ताणलेलं का आहे?" टाचणीनं विचारलं.

"वारा असेल," गुंड्या म्हणाला.

"वारा काय चिमटीत धरून ओढतो?"

तिघांची डोकी एकत्र आली. नव्या कागदावर झग्याचं एक टोक सरळ रेषेत ताणलेलं होतं आणि ते धरणारं कुणीच नव्हतं. वकिलानं बाबांच्या अंकात तेच पान काढलं. तिथे एक मुलगी होती! सात-आठ वर्षांची, दोन सैल वेण्या, एक मोजा घसरलेला. तिनं झग्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"झुळूक!" वकील म्हणाली. "ही झुळूक! संकट कुठे आहे ते ही शिट्टी वाजवून सांगते! बाबांच्या अंकात पानापानावर आहे!"

"आणि इथे एकाही पानावर नाही," टाचणी म्हणाली. "पण हे बघ, भिंतीवर सावल्या मात्र दोन आहेत!"

खरंच होतं. मेघवीर एकटा उभा होता आणि त्याच्या शेजारी वेण्या घातलेली एक छोटी सावली पडली होती. 

बोलणंही बदललं होतं. जुन्या पानावर झुळूक विचारत होती, "तुला भीती नाही वाटत?" आणि मेघवीर म्हणत होता, "वाटते ना! म्हणून तर तुला सोबत आणलंय." नव्या पानावर नुसतं होतं, "मला कुणाची गरज नाही."

"हिला पुसलंय," गुंड्या हळूच म्हणाला.

संध्याकाळी मावशी आली तेव्हा तिघांनी तिला दारातच गाठलं. तिनं कागद पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"नव्या साहेबांचा हुकूम आहे. त्यांना मेघवीर पहिल्यापासून एकटा हवाय. म्हणजे आताच्या अंकांशी जुळतो, म्हणे."

"पण ते खोटं आहे!" वकील उसळली.

"खोटं-खरं मला कोण विचारतं? माझ्यापुढे येते ती निळी प्रत, म्हणजे चित्राच्या फोटोवरून छापलेल्या फिक्या निळ्या रेषा. ज्या जागा रिकाम्या येतात त्यांत मी आभाळ भरते." मावशीनं पिशवी खुंटीला अडकवली. "आणि तुम्ही यात लुडबुड करायची नाही. माझी नोकरी आहे ती. कळलं?"

कळलं तर होतं. पण दुसऱ्याच दिवशी मावशी डबा विसरून गेली. हे लुडबुडीत मोडत नाही, असा निकाल वकिलानं दिला आणि तिघं प्रकाशनगृहात पोचली.

जुनी, लांबलचक इमारत होती ती. आत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. मावशीची खोली शोधताना ती चुकून भलत्याच दारात शिरली. तिथे ब्रशकाका बसले होते, म्हणजे पाठीला पोक आलेले आणि कानावर ब्रश खोचलेले एक गृहस्थ. त्यांच्यापुढे मोठाल्या जाड कागदांची चळत होती. वरच्या कागदावर काळ्या शाईत मेघवीर होता. इतका मोठा, इतका स्पष्ट! आणि ब्रशकाका त्याच्या शेजारच्या मुलीवर पांढरा रंग फासत होते. वेण्या गेल्या. मान गेली.

"अहो, थांबा!" टाचणी किंचाळली. "ही तर मूळ चित्रं आहेत!"

ब्रशकाका दचकले. "मग? कॅमेऱ्यात फोटो याचाच निघतो. सांगितलंय तेवढं करतो मी."

"आणि फोटो काढून झाल्यावर?" वकिलानं विचारलं.

"शनिवारी रद्दीचा लगदा करणाऱ्या कारखान्याची गाडी येते. माळा रिकामा करायचाय."

"कोण आहे तिकडे?" मागून आवाज आला. बंद खोलीतही काळा गॉगल लावलेला एक माणूस दारात उभा होता. हेच नवे साहेब, म्हणजे संपादक. "ही काय बाग आहे खेळायला? चला, निघा!"

"ही चित्रं कुणाची आहेत?" गुंड्यानं धीर करून विचारलं.

"कुणाची नाहीत. रद्दी आहे," असं म्हणून गॉगलसाहेब वळलेसुद्धा. आपण कुणाशी बोललो हे त्यांनी नीट पाहिलंही नाही.

डबा देताना टाचणीनं आईला एकच प्रश्न विचारला. मेघवीर पहिल्यांदा काढणारे चित्रकार कुठे राहतात? मावशी बराच वेळ ब्रश धूत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "पुलापलीकडे, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर. मी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाली तेव्हा पुलावरून नदी दिसतच नव्हती, नुसता पाण्याचा आवाज येत होता. घड्याळवाल्याच्या दुकानाशेजारचा जिना अंधारा होता. वरचं दार उघडलं एका उंच, वाळलेल्या आजोबांनी. त्यांनी दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत लपवले होते.

"आम्ही मेघवीरचे वाचक आहोत," वकील म्हणाली.

"कोणत्या?"

"अं?"

"कोणत्या मेघवीरचे? तो आता पुष्कळ जणांचा झालाय. या आत."

खोलीत एक टेबल, एक खाट आणि एक बंद खिडकी होती. भिंतीवर एकही चित्र नव्हतं. आजोबांनी बाह्यांतून हात काढले तेव्हा ते का लपवले होते ते कळलं. ते एकसारखे थरथरत होते.

वकिलानं आडून सुरुवात केली. "आजोबा, तुमची पहिली मूळ चित्रं कुठे आहेत हो?"

"बुडाली. छापखान्याच्या तळघरात पाणी शिरलं होतं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, काही उरलं नाही. पुन्हा गेलो, पुन्हा तेच."

 टाचणी वकिलाकडे बघत राहिली. पण गुंड्याला राहवलं नाही. "साफ खोटं! ती माळ्यावर होती! आम्ही काल पाहिली! पण ते त्यातल्या झुळुकीवर पांढरा रंग फासताहेत!"

आजोबांनी चाचपडत खुर्ची शोधली आणि ते बसले. खालच्या दुकानातल्या घड्याळांची टिकटिक वर ऐकू येत होती.

"ती माझी मुलगी," शेवटी ते म्हणाले. "झग्याऐवजी पडद्याचं टोक धरून उभी राहायची आणि मी काढायचो. क्षणभर गप्प उभी राहील तर शपथ! फोटो एकदाच काढला, त्यातही हलली. नुसता एक पांढुरका फराटा आलाय. चित्रात तेवढी ती थांबली होती." त्यांनी हात पुन्हा बाह्यांत ओढून घेतले. "नऊ वर्षांची असताना गेली. ताप आला होता."

"मग मेघवीर?" गुंड्यानं विचारलं. "तेव्हा तो रडला का?"

"गुंड्या!" वकिलानं त्याला कोपर मारलं.

"विचारू दे त्याला. नाही रडला, बाळ. बरेच अंक मी त्याला पाठमोराच काढत होतो. तोंड काढायला हातच वळेना. मग एकदा मी तिला पुन्हा काढलं. ती तिथे उभी राहिली आणि हा वळला. हसलाही. मी मुद्दाम काही केलं नाही."

"आताचा हसतच नाही," गुंड्या म्हणाला. "मला तोच आवडतो."

"आवडू दे की! माझ्यानंतर ज्या ज्या चित्रकारांनी तो काढला त्यांनी आपापलं दुःख त्यात घातलं. माझी हरकत नाही त्याला. पण ती होती, म्हणून हा एकटा पडला ना? ती मुळात नव्हतीच म्हटलं, तर हा झुरतोय कुणासाठी?"

परत जाताना पुलाच्या मधोमध गुंड्या थांबला. "ताई, बाबा दाढी करताना काहीतरी गुणगुणायचे. ते काय होतं गं?"

बाबा गेल्यापासून गुंड्यानं पहिल्यांदाच 'बाबा' हा शब्द उच्चारला होता. वकिलाला शब्द काही आठवेनात. तिनं नुसती चाल गुणगुणून पाहिली.

"असं?"

"साधारण. शेवट जरा वर जायचा."

दोघांनी मिळून शेवट वर नेला. तो बेसूर झाला. 

शनिवार परवावर आला होता. वकील खाटेवर मांडी घालून बसली. "प्रकाशनगृहाच्या मालकीणबाईंना सांगितलं तर? मावशी म्हणत होती, त्या शनिवारी नवीन पुस्तकाचे पहिले कागद बघायला येणार आहेत."

"गॉगल म्हणेल, मुलं खोटं बोलतात," टाचणी म्हणाली.

"मग त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं!" वकिलाचे डोळे चमकले आणि लगेच विझले. "पण मावशीची नोकरी गेली तर?"

टाचणी नखं कुरतडत राहिली. "आईनं काल त्या रिकाम्या जागेत आभाळ भरलं आणि घरी येऊन जेवलीच नाही. नोकरी राहूनही तिचं काही बरं चाललेलं नाही, ताई."

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की लगद्याच्या गाडीचे दिवे आधी दिसले आणि गाडी मागून. मागच्या दाराशी कागदाची नवी रिळं रचून ठेवल्यामुळे रद्दीचे गठ्ठे पुढच्या दालनातूनच न्यावे लागत होते. गुंड्या आणि टाचणीनं डोक्यावर गोणपाट घेतलं आणि हमालांना सांगितलं, "आम्ही हात लावतो!"

हमाल खूश झाले. मोठ्या जाड चित्रांचा गठ्ठा टाचणीनं बरोबर हेरला.

दालनातल्या बाकावर वकील आजोबांना घेऊन बसली होती. त्यांना इथवर आणणं काही सोपं नव्हतं. "बघवणार नाही मला," असं ते तीनदा म्हणाले होते आणि तरीही चालत राहिले होते.

मालकीणबाई आल्या. पांढरे केस, हातात काठी. गॉगलसाहेब लगबगीनं पुढे झाले. तेवढ्यात आजोबा उठले.

"माझी जुनी चित्रं बघायची होती."

"आजोबा, कितीदा सांगायचं?" गॉगलसाहेबांनी आवाज मऊ केला. "ती पाण्यात गेली. तळघर मी स्वतः तपासलंय. एक कागदसुद्धा उरला नाही."

"फार वाईट झालं ते," मालकीणबाई खरोखरच्या दुःखानं म्हणाल्या.

तेवढ्यात मागून गोणपाटाखालचा आवाज आला. "साहेब, ही मेघवीरची जुनी मोठी चित्रं आहेत. गाडीत टाकायची ना?"

"टाका, टाका!" गॉगलसाहेब मान न वळवता म्हणाले. "एकही ठेवू नका, जागा अडते नुसती!"

"ती झुळूकवालीपण?" टाचणीनं खणखणीत आवाजात विचारलं.

"ती तर आधी टाका!"

 आपण काय बोललो ते गॉगलसाहेबांना उशिरा ऐकू आलं असावं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"कोणती चित्रं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"त्या... त्या नकला आहेत, बाई! निव्वळ नकला!"

"नकला नाहीत." रंगाच्या खोलीच्या दारात मावशी उभी होती.  "मूळ चित्रं आहेत ती. त्यांचेच फोटो काढून मला निळ्या प्रती मिळतात. मी गप्प राहिले, ही माझी चूक झाली."

मालकीणबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "सोडा तो गठ्ठा."

दोरी सुटली. वरच्याच कागदावर मेघवीर हसत होता आणि त्याच्या शेजारी पांढरा, वाळलेला, मुलीच्या उंचीचा डाग होता. आजोबा पुढे झाले. त्यांनी डागावर बोट ठेवलं, बोट चाटलं आणि पुन्हा टेकवलं.

"हा साधा रंग आहे, पाण्यात विरघळणारा," ते पुटपुटले. "खालची शाई माझी पक्की आहे. कापूस आणा! आणि वाटीत पाणी!"

टाचणी धावली. आजोबांनी ओला कापूस घट्ट पिळला, पण हात थरथरत होता. त्यांनी तो गुंड्यापुढे धरला. "तू कर. घासायचं नाही. नुसतं टिपायचं."

गुंड्यानं श्वास रोखला आणि टिपायला सुरुवात केली. आधी घसरलेला मोजा दिसला. मग फ्रॉकची झालर, मूठ, एक वेणी. शेवटी शिट्टी वाजवायला चंबू केलेले ओठ.

"आली!" टाचणी ओरडली. "अहो, आली!"

 आजोबा नुसते तिच्याकडे बघत राहिले.

दुपारभर तेच काम चाललं. ब्रशकाका मान खाली घालून कापूस भिजवत होते. मालकीणबाईंनी गॉगलसाहेबांच्या हातातही वाटी दिली.

"आधी गॉगल काढा, म्हणजे दिसेल तरी!" टाचणी म्हणाली, आणि त्यांनी तो मुकाट्यानं काढला.

"पुस्तक झुळुकीसकट छापायचं," मालकीणबाईंनी सांगितलं. "आणि सगळी मूळ चित्रं यांच्या घरी पोचवायची." मग त्या मुलांकडे वळल्या. "या इमारतीत आम्ही सगळे रोज ये-जा करतो. ही रद्दी कुणाची, एवढं कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही. तुम्ही विचारलंत. शाबास!"

"लुडबुड करू नका म्हटलं होतं मी," मावशी तिघांना जवळ ओढत म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "ऐकलं नाहीत तेच बरं झालं! पण याची सवय लावून घेऊ नका!"

गठ्ठ्याच्या तळाशी राहिलेल्या काही कागदांवर मात्र पांढरा रंग नव्हता. तिथे झुळुकीला घाईघाईत पात्यानं खरवडून काढलं होतं. शाई गेली होती आणि कागदाचा वरचा थरही गेला होता. कापसानं कितीही टिपलं तरी तिथून आता काही वर येणार नव्हतं. 

"आमच्या नव्या चित्रकाराकडून पुन्हा काढून घेऊ," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "अगदी तशीच."

आजोबांनी मान हलवली. "नको. हे असेच छापा."

गुंड्या त्यातल्या एका कागदावर वाकला होता. मेघवीर त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून हसत होता. गुंड्यानं खरवडलेल्या जागी बोट ठेवलं. कागद तिथे लोकरीसारखा खरखरीत झाला होता.

"इथे होती," तो म्हणाला.

"हो," आजोबा त्याच्या शेजारी वाकत म्हणाले. "इथेच होती."